न्हाणीतले फूल

चाकण, रविवार, ता. २२ जानेवारी १९५६

आज महाळुंग्याहून मुलीचे वडील आमचे घर आणि मला पाहायला आले. आबा म्हणाले, "जेवण होईस्तोवर पाहुण्यांना गाव दाखवून आण." चक्रेश्वराच्या देवळात मी नीट वागलो. किल्ल्याच्या पडक्या दरवाजापाशी मात्र तोंड सुटले. तिथे एका बाजूला कोरीव फुलाचा दगड आहे, दुसऱ्या बाजूला नुसते भगदाड. मी म्हणालो, "याचा जोडीदार कोणा चोराने नेला. असल्या माणसांना गावात ठेवू नये." कशाला बोललो?

घरी पाहुण्यांना पाय धुवायला न्हाणीत पाणी दिले. ते ज्या दगडावर उभे राहिले, त्यावर तेच फूल. रोज त्यावरच आंघोळ करतो, पण ते आजच दिसले. पाहुणेही खाली पाहत राहिले.

आबा कौतुकाने म्हणाले, "आमच्या आज्यानं आणलाय. चार बैल लागलं व्हतं."

पाने वाढली, जेवायला बसलो. स्थळ गेले असेच धरले.

निघताना मुलीचे वडील हळूच म्हणाले, "पोरगी दिली. पर जावईबापू, तिला किल्ल्यावर नेऊ नका. आमच्या घराचं समदं जोतं तिथलंच हाय. तिला माहेर आठवंल."

म्हणजे जमले. पण ते फूल... उद्या आंघोळीला उभे कुठे राहावे?