डोहात ओतलेला रंग

दादा,

आज खाम नदीच्या डोहाचं पाणी कुणाला भरू देऊ नका, गुरांनाही पाजू नका. काल मी कापड रंगवून कढईतलं उरलेलं रंगाचं पाणी तिथं ओतलं. आबा नीळ-मंजिष्ठेचं, झाडपाल्याच्या रंगाचं पाणी जन्मभर तिथंच सोडायचे, म्हणून माझा हात थांबला नाय. पण हा डब्यातला विलायती रंग होता. सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. पाट्या भरून काढले आणि लांब नेऊन पुरले.

उस्मानपुऱ्यापर्यंत घरोघर सांगत जातोय, की मीच ओतलं. राहिलेल्या डब्यांना हात लावू नका.

माझी पोर गिरजा उठली की डोहातल्या माशांना घालायला कणकेच्या गोळ्या मागंल. घरात कणिक नाय, असं सांगा.

सांडू