आठचा भोंगा

१४ जानेवारी
कालच्या उजेडाच्या चौकशीला आलेले साहेब म्हणाले, आठवेल तसं वहीत टिपून ठेवा. मी म्हटलं, साहेब, माझ्याकडं अक्षर न्हाय, नुसता अंगठा हाय. म्हणून नातसुनेला, रश्मीला, बसवलं. मी बोलायचं, तिनं लिहायचं. मध्ये सुधारायचं नाही, ही अट.

तर काल पुनवेला संध्याकाळपासून वीज गेलेली. टीव्ही बंद, म्हणून सगळी वस्ती अंगणात. कारखान्याचा आठचा भोंगा वाजला न वाजला तोच बारामतीच्या अंगानं उजेड आला. हिरवट, मोठा, मागं ठिणग्यांचं शेपूट. पुनवेचं चांदणं फिकं पडलं. उसावरून सरळ अंथुर्ण्याकडं गेला. चार श्वास, बस्स. लोकांनी खिशातून फोन काढेपर्यंत आभाळ रिकामं.

आज साहेबांनी अकरा जणांचे जबाब घेतले. पहिला माझा — साखरबाई, वय सत्तरच्या पुढं कितीही. अकराही जण म्हणाले, आठ. ना पाच मिनिटं अलीकडं, ना पलीकडं. साहेब खूश. इतकी पक्की वेळ त्यांना शहरातही कोणी सांगत नाही म्हणे.

मला उगाच फुगल्यासारखं झालं.

१६ जानेवारी
पुण्याच्या आभाळवाल्यांनी कळवलं — सोमवारी आठ वाजता वरून काहीच गेलेलं नाही. म्हणजे उजेड कोणाच्या तरी मशीनचा.

बागायतदार मानसिंगतात्यांनी साहेबांना आमचं दार दाखवलं. आमच्याकडं बायकांच्या बचत गटाचा फवारणीचा ड्रोन असतो. रश्मी पंधरा दिवसांचं शिक्षण घेऊन आली, ती तो उडवते. अंधारात उडवायला परवानगी नाही. साहेबांनी विचारलं, तू उजेड पाहिलास का? ही खरं बोलली — नाही पाहिला. झालं! सगळ्या तालुक्याला दिसला आणि हिलाच कसा दिसला नाही?

ती सांगत होती, दिवस मावळायच्या आत काम संपवलं, कालव्यावर टाकी धुतली, साडेआठपर्यंत टेम्पोची वाट बघत बसले. मग नळी बदलायला मशीन घेऊन बारामतीला गेले. दुकानाची पावती दाखवली. तीवर आठ वाजून सेहेचाळीस. साहेब म्हणाले, बाई, उजेड आठचा आहे. आठला तुम्ही एकट्या होता.

मशीनच्या पोटात उडाल्याची नोंद असते. पण ती काढायला पुण्याला पाठवावं लागणार, महिना जाणार. ड्रोन जीपमध्ये घालून नेला. लेकराला दवाखान्यात नेतात तसा, गोधडीत गुंडाळून. गोधडी माझी.

१७ जानेवारी
रश्मी जेवली नाही. हे लिहायला नको म्हणते. लिही म्हटलं.

१८ जानेवारी
गटाच्या अध्यक्षा सिंधुबाई येऊन गेल्या. चांगली बाई, पण खाली मान घालून बोलल्या. महिनाअखेरपर्यंत निकाल लागला नाही तर मशीन दुसऱ्या गटाकडं जाणार, आणि चौकशीतल्या बाईला पुन्हा उडवता येणार नाही. रश्मीनं चहा केला, कपबशा विसळल्या.

हिला या मशीनआधी लोक ‘संघपालची बायको’ म्हणायचे. आता संघपालला ‘ड्रोनवालीचा नवरा’ म्हणतात. माझा नातू त्यावर हसतो, हेही लिही.

आणि तिच्याविरुद्ध पहिला अंगठा माझा. हे मी सांगितल्यावर ती जरा थांबली. मग लिहिलं.

१९ जानेवारी
ऊसतोडीच्या तळावरची नकोशी ताक मागायला आली. मी तिच्यापाशी रडगाणं लावलं. ती ऐकून म्हणाली, “मावशी, आठला कुठला उजेड? पुनवंला तर मिल बंद पडलेली. आमच्या गाड्या रांगेत हुब्या. मिल चालू झाली तवा भोंगा झाला, आन् तवाच उजेड गेला. नऊ वाजायला आलते.”

मी विचारलं, हे साहेबांना का नाही सांगितलंस?

“तळावर कोण आलंय इचारायला?”

कोणी गेलं नव्हतं. मीही कधी गेले नव्हते. तळ माझ्या दारातून दिसतो.

आम्ही जन्मभर भोंग्यावर भाकरी टाकतो, भोंग्यावर म्हशीची धार काढतो. तो वाजला की आठ. घड्याळात कोण बघतंय! ताकाचं भांडं काठोकाठ भरून दिलं.

२० जानेवारी
बारामतीला साहेबांच्या कचेरीत गेले. नकोशीला बरोबर नेलं. ती दारातच उभी राहत होती. मी हाताला धरून खुर्चीवर बसवली.

म्हटलं, माझा जबाब चुकलाय, परत द्या. साहेब म्हणाले, “आजी, अकरा जणांनी आठच सांगितलंय.”

“अकरा जणांचा भोंगा एकच हाय, साहेब.”

साहेबांनी नवा कागद घेतला. मग नकोशीचं सगळं ऐकून घेतलं, लिहून काढलं, आणि कारखान्यात फोन लावला.

दोघींनी शेजारी शेजारी अंगठे उठवले. माझा जास्त ठळक. सवय आहे.

२३ जानेवारी
कारखान्याच्या वहीत निघालं — त्या दिवशी भोंगा आठ पन्नासला. पुण्याला नवी वेळ कळवली, आणि तिकडून तासाभरात उत्तर! जुन्या रॉकेटचा सांगाडा जळत खाली आला, तो नेमका त्याच वेळी इथून गेला. रश्मी तेव्हा बारामतीत दुकानात, मशीन टेबलावर.

ड्रोन घेऊन साहेब स्वतः आले. वर म्हणाले, जळका तुकडा या भागात पडला असणार. उभ्या उसात माणूस शिरत नाही, वरून बघून द्याल का? रश्मीनं आधी मशीन पुसलं, मग हो म्हणाली.

गोधडी परत आली नाही. चौकशी चालू आहे.

२५ जानेवारी
सापडला! घागरीएवढा काळा गोळा, मानसिंगतात्यांच्या उसात. पंचनाम्यात ‘शोधणारी’ म्हणून रश्मीचं नाव. तात्या बांधावर घुटमळत होते. शेवटी जवळ आले. या उसात आमच्या घरचं माणूस आजवर मजुरीचं खुरपं घेऊनच गेलेलं, दुसऱ्या कशासाठी नाही. म्हणाले, “रश्मीताई, आमच्या चार एकरावर फवारा कधी मारशीला?”

“नंबर लावा, तात्या. फेब्रुवारी भरलाय.”