तक्त्यात न बसलेली दिवाळी

शाहूपुरी, नोव्हेंबर २००३, मंगळवार संध्याकाळ

निवृत्त झाले तरी निबंध तपासायला शाळेत बोलावतात, म्हणून गेले. विषय आवडता सण. चांदीकामाच्या हुपरीहून येणाऱ्या सातवीतल्या मुलीने लिहिलंय, ‘मला दिवाळी आवडत नाही. तेव्हा घरात पैंजणांचं काम फार असतं. आई बोलत नाही.’

वर्गशिक्षिका पाटीलबाईंनी नवा गुणतक्ता पुढे सरकवला. सणाचं वर्णन शून्य, म्हणी शून्य, आनंद शून्य.

"अहो, पोरगी खरं लिहितेय!" मी म्हटलं.

"व्हय बाई, पण तक्त्यात बसत न्हाय की!"

माझ्या लहानपणी कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर छडी मारायच्या, पण आधी वाचायच्या तरी.

उद्या पाटीलबाई त्या मुलीला ‘नीट समजावणार’ आहेत म्हणे. आई बोलत नाही, एवढंच तर लिहिलं होतं ना? पुढच्या वेळी दिवाळी फार आवडते म्हणून लिहील, आणि पैकीच्या पैकी मिळवील.