नमस्कार करणारा ट्रक

१४ जुलै, सोमवार. संकष्टी.
झाडताना खाटेखालचा पत्र्याचा डबा बाहेर काढला. आत ह्यांचा ट्रक. खेळण्यातला, रिमोटवर चालणारा, हातभर लांब. गेल्या दिवाळीनंतर शुक्रवारी बाजारातून आणला होता. मोबाइलवर काहीतरी बघून ह्यांना त्याची लोरायडर करायची होती. अर्धा उघडला. मग होळीला गोरव्यातले कारखान्याचे युनिट बंद झाले, एकतीस वर्षांची फिटरकी संपली, आणि ह्यांनी डब्याला झाकण लावले. तेव्हापासून हे गॅलरीत हिंचक्यावर झोके घेत बसतात.

आराम करतात. एकतीस वर्षे राबलेल्या माणसाने चार महिने आराम केला तर त्यात बोलण्यासारखे काही नाही. तेही बोलत नाहीत.

ट्रक मी पुरा करणार आहे. वस्तू अर्धी पडून वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच. गणपतीला सहा आठवडे आहेत. मॅट्रिकला मला विज्ञानात चौसष्ट होते.

हिशेबाच्या वहीची मागची पाने कोरीच राहतात, ती ह्या कामाला लावते. ह्यांचे दिवसाचे शब्द आतापर्यंत कॅलेंडरवर मांडत होते, तेही आता इथे. कारण काही नाही. मांडायची सवय आहे.
शब्द : तीन. (हं. राहू दे.) ‘हं’ धरला.

१६ जुलै.
वरच्या मजल्यावरची उत्कर्षा कॉलेजातून आली, तिला थांबवून लोरायडर म्हणजे काय ते विचारले. तिने मोबाइलवर दाखवले. अमेरिकेत गाडी इतकी खाली बसवतात की पोट रस्त्याला लागते. मग हळूहळू फिरवतात. मध्येच बटण दाबले की नाक वर जाते, सोडले की खाली येते. मी विचारले, उपयोग काय? म्हणाली, “काकू, उपयोग नसतो. शो असतो.” मी म्हटले, मग लोक काय करतात? म्हणाली, “कडेला उभे राहून बघतात.”

बघतात, एवढे कळले. पुरे आहे.

संध्याकाळी चारही स्प्रिंगा काढल्या. ट्रक खाली बसला. पहिल्याच दिवशी निम्मे काम झाले.
शब्द : एक. (चहा.)

१७ जुलै.
नियम : रोज जप झाल्यावर दोन तास ट्रक. पाट गॅलरीत, हिंचक्यासमोर टाकला. तिथे उजेड चांगला येतो. शिवण, निवडणे, वही, सगळे मी आजवर स्वयंपाकघरात केले, पण हे बारीक काम आहे.
शब्द : दोन. (सरक जरा.) मी सरकले.

२२ जुलै.
चार दिवस पाट टाकला नाही. डाळी उन्हात घालायच्या होत्या. ऊन नव्हते, तरी काढून ठेवाव्या लागल्या.

आज टायरांना पांढरी कड केली. व्हिडिओतल्या गाड्यांना असते. माझ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बांगड्या अगदी मापात बसल्या. आतल्या सीटला जुन्या पैठणीचा काठ. स्टिअरिंगला तुटलेल्या पैंजणाची साखळी. टपाला उत्कर्षाचे लाल नेलपॉलिश, दोन हात. कुठलीही वस्तू बाहेरून आणली नाही.

ह्यांनी एकदा पाहिले. मी वर बघितले तेव्हा समोरच्या गच्चीकडे बघत होते, पण त्याआधी पाहिले असणार.
शब्द : तीन.

२९ जुलै.
दोन बांगड्या चाकात घासून फुटल्या. चाक कुठे अडते ते मी मोठ्याने म्हणून पाहिले. “हा स्क्रू सैल करायचा की घट्ट?” असेही म्हटले. हल्ली मला स्वतःशी बोलायची सवय लागली आहे. वयाने होते.

स्क्रू घट्ट केला. चाक पूर्ण अडले. मग सैल केला. निघून पडले.

हिंचका चालू होता.
शब्द : शून्य. पण दुपारी माझा डोळा लागला होता, तेव्हा काही म्हणाले असतील तर सांगता येत नाही. एक धरला.

२ ऑगस्ट.
डबा पिशवीत घालून छाणी रोडवर पीयूषभाईंकडे नेला. ते पंखे, मिक्सर, खेळणी, सगळे दुरुस्त करतात. ह्यांची त्यांची जुनी ओळख. त्यांनी ट्रक उलटा केला आणि पोटाखालच्या पट्ट्यांवर अंगठा फिरवत बसले. ह्या पट्ट्या ह्यांनी होळीच्या आधी कानशीने घासून केल्या होत्या, छोट्या मोटरी बसवायला. म्हणाले, “मासी, आ तो भास्करकाकानो हाथ. अशी कानस आता कोण मारतो?” मग बांगड्यांकडे बघून म्हणाले, “आणि हे कोणी केले?” मी म्हटले, डिझाइन आहे.

मोटरींच्या वायरी त्यांनी जोडून दिल्या. दोन मोटरी पुढे. मोटर फिरली की दोरा गुंडाळला जातो, दोऱ्याने नाक उचलले जाते. ह्यांनी डब्यात त्यासाठी स्टीलची बारीक तार ठेवली होती. ती माझ्या बोटांना टोचते. मी गोधडीचा दोरा लावणार. गोधडीचा दोरा तुटत नाही.

निघताना पीयूषभाई म्हणाले की दुकानात सकाळचा एक हात हवा आहे. काकांनी नुसते बसून सांगितले तरी चालेल. “गणपती सुधी राह जोईश, मासी. पछी बीजा कोणाला ठेवीन.” म्हणजे गणपतीपर्यंतच वाट बघणार.

घरी येऊन सांगितले नाही. आत्ता सांगितले तर ‘राहू दे’ म्हणतील, आणि एकदा म्हणाले की संपले. आधी ट्रक नाक उचलेल, हे बघतील, थोडे हसतील, दोरा चुकीचा लावलास म्हणतील. मग सांगायचे. क्रम महत्त्वाचा असतो.
शब्द : दोन. (कुठे गेलीस.) विचारले, हे मुद्दाम लिहून ठेवते.

९ ऑगस्ट.
काम झाले नाही. नारळीभात केला. हे जेवले.
शब्द : दोन.

१२ ऑगस्ट. अंगारकी.
ट्रक उठला. बटण दाबले की नाक वर, सोडले की खाली. लागोपाठ तीनदा केले तर थेट नमस्कार दिसतो. रिमोटला सेल नव्हते म्हणून टीव्हीच्या रिमोटचे काढून घातले. नवे कशाला? हे टीव्ही बघत नाहीत, नुसता समोर लावून ठेवतात.

मग ठरले. आपला दीड दिवसाचा गणपती यंदा ह्याच ट्रकमधून खाली पार्किंगमधल्या विसर्जनाच्या टबापर्यंत न्यायचा. टबासमोर तीन नमस्कार. सगळी सोसायटी बघेल. हेही तिथेच असतील.

एकवीस अथर्वशीर्षे म्हटली. काही मागितले नाही. फक्त कळवले.
शब्द : एक. संध्याकाळी ह्यांनी टीव्हीचा रिमोट हातात घेऊन दोनतीनदा दाबला, मग ठेवून दिला. तक्रार केली नाही. म्हणजे टीव्ही नको होता.

१५ ऑगस्ट.
झेंडावंदनानंतर शेजारच्या लीलाताईंना दाखवले. त्या आमच्या भजनीमंडळातल्या सर्वांत मोठ्या. तीनही नमस्कार पूर्ण पाहिले आणि म्हणाल्या, “गाडी वाकली म्हणजे आत बसलेला गणपतीही वाकला ना गं? तो कोणाला नमस्कार करतो आहे? तुला?”

हे माझ्या लक्षात आलेच होते.

त्या आणखी म्हणाल्या, “भास्कररावांना कोणाला तरी दाखवून आण. चार महिने झाले.” मी म्हटले, पाच. आणि आराम करतात.
शब्द : शून्य.

१९ ऑगस्ट.
मोटरी मागे नेल्या. आता पुढचे तसेच राहते आणि मागचा भाग खाली-वर होतो. लीलाताई म्हणाल्या, आता लोडाला टेकून बसल्यासारखा दिसेल, हे चालेल.

गणपतीच्या वजनाचा नारळ ठेवून गॅलरीत ट्रायल घेतली. मागचा भाग खाली गेला, नारळ निसटला आणि घरंगळत हिंचक्याखाली ह्यांच्या पायाला जाऊन लागला. हिंचका थांबला. हे खाली वाकले. नारळ उचलला, कानाशी धरून हलवला, पाणी आहे का बघितले, आणि आत जाऊन स्वयंपाकघरात ठेवून आले. परत बसले. हिंचका सुरू झाला.

ट्रायल यशस्वी. फक्त पाठीमागे कठडा हवा. आइस्क्रीमच्या काड्यांचा केला.
शब्द : शून्य. पण नारळ स्वतः उचलला.

२३ ऑगस्ट.
पीयूषभाईंचा फोन. काकांना विचारले का? मी म्हटले, विचार चालू आहे. कोणाचा ते त्यांनी विचारले नाही.
शब्द : दोन. (कोणाचा फोन.) सांगायला तोंड उघडले होते. पण क्रम ठरलेला आहे.

२६ ऑगस्ट. हरतालिका. उपास.
अंगात त्राण नाही, तरी पार्किंगचा रस्ता पावलांनी मोजून आले. जिना ते टब सत्तावन्न पावले. मध्ये गाड्या हळू चालाव्यात म्हणून सोसायटीने घातलेला बंप आहे. तो लहान वाटला.
शब्द : एक.

२७ ऑगस्ट. चतुर्थी.
गणपती बसले. पूजा ह्यांनी केली, सोवळे नेसून, मंत्र स्पष्ट, आवाज मोठा. मी दारात उभी राहून ऐकले. जवळजवळ पाऊण तास.

मंत्रांचे शब्द धरले नाहीत. ते ह्यांचे नव्हेत.
आपले : दोन. (फुले दे.)

२८ ऑगस्ट. रात्री ८.
विसर्जन झाले. जे झाले ते लिहिते.

साडेपाचला सगळे खाली. लीलाताई, उत्कर्षा मोबाइल उभा धरून, बाकी पाचसहा घरे. ट्रक लाल, पांढऱ्या कडा (मागच्या दोन चाकांना), आत पैठणीवर गणपती. रिमोट माझ्याकडे. हे सगळ्यांच्या मागे, हातात टाळ, वाजवत नव्हते.

ट्रक निघाला. खरोखरच हळू आणि जमिनीला टेकून. कोणीतरी ‘वाह’ म्हणाले. मी मागे वळून ह्यांच्याकडे पाहिले. बघत होते. ट्रककडेच बघत होते, ह्याबद्दल शंका नाही.

मी मागे बघत असताना बंप आला.

पुढची चाके चढली, पोट बंपावर टेकले आणि चारही चाके हवेत फिरत राहिली. स्प्रिंगा काढल्या नसत्या तर गेला असता, असे उत्कर्षा म्हणाली. मी मागचा भाग उचलायचे बटण दाबले. थोडा उचलला. मग टप्‌ असा आवाज झाला आणि मागचा भाग खाली बसला. दोरा तुटला. गणपती काड्यांच्या कठड्याला टेकून आभाळाकडे बघत होते. ‘मोरया’ म्हणणारे थांबले. मी म्हटले, हे असेच असते, थांबतो मध्ये. चाके फिरत होती. बंद करायचे माझ्या लक्षात आले नाही.

तेव्हा हे मागून पुढे आले. लोकांनी वाट दिली. टाळ माझ्या हातात दिले, चप्पल काढून खाली वाकले. मला वाटले, आता.

ह्यांनी दोन्ही हातांनी गणपती उचलला, छातीशी धरला आणि टबाकडे चालू लागले. ‘मोरया’ पुन्हा सुरू झाले. सगळे त्यांच्यामागे गेले. मी ट्रकपाशी थांबले, कारण रस्त्यात वस्तू टाकून जाता येत नाही.

‘पुढच्या वर्षी लवकर या’ असे हेही सगळ्यांबरोबर म्हणाले, इथपर्यंत ऐकू आले. सगळ्यांबरोबरचे धरत नाही.

परत येताना ह्यांनी ट्रकवरून पाऊल उचलून टाकले. खाली पाहिले नाही.
शब्द : शून्य.

२९ ऑगस्ट.
सकाळी पीयूषभाईंचा फोन यायच्या आत सांगून टाकायचे ठरवले. हिंचक्यासमोर उभी राहिले, हिंचका हाताने धरला आणि सगळे सांगितले. दुकान, सकाळचा एक हात, तुमची कानस त्यांनी लगेच ओळखली, नुसते बसून सांगितले तरी चालेल, आज उत्तर द्यायचे आहे. एका दमात झाले. ह्यांनी पूर्ण ऐकून घेतले. माझ्याकडे बघत ऐकले. मग म्हणाले,

“टीव्हीचे सेल परत घाल.”

चार शब्द. होळीनंतरचे सर्वांत लांब वाक्य. कर्म आहे, क्रियापद आहे, कुठेही अडखळले नाहीत.

पीयूषभाईंना फोन करून दुसरा हात बघा म्हणून कळवले. म्हणाले, “वांधो नहीं, मासी.” मग ट्रक डब्यात ठेवला. स्प्रिंगा तीनच सापडल्या. तार जशीच्या तशी होती, तीही ठेवली. झाकण लावून डबा खाटेखाली ढकलला.

सेल काढून टीव्हीच्या रिमोटात घातले. ह्यांनी टीव्ही लावला. आता घरात सारखे बोलणे चालू असते. टीव्हीचे शब्द धरत नाही.