पिवळ्या रेषेच्या आत

प्रिय बाबा,

आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्ध्यावर टाकून तुम्ही काकांवर ओरडायला नको. तुम्ही जन्मभर जिथून आगी विझवायला धावलात, तो तुमचा बंबखाना पाडला. पुढची भिंत, मागच्या राहायच्या खोल्या, नळ्या वाळत घालायचा तो उंच मनोरा, सगळं. आई गेली, पाठोपाठ बंबखाना बंद झाला, आणि 'तिथली एक वीट जरी हलली तरी या शहरात पाऊल ठेवणार नाही' असं बसच्या खिडकीतून मला बजावून तुम्ही काकांकडे राहायला गेलात. माझ्या चांगलं लक्षात आहे. तर विटा हलल्या आहेत बाबा. एक नाही, झाडून सगळ्या. पण नाकावरचा राग जरा बाजूला ठेवा आणि पुढे वाचा. गोष्ट मजेची आहे, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही.

तुम्ही गेल्यावर ती जागा नुसती पडून होती. मी शिकवते त्या वर्गाच्या खिडकीतून समोर तेच दिसायचं, फाटकाला कुलूप आणि आत कमरेएवढं गवत. मग तीन वर्षांपूर्वी महापालिकेने आपल्याला नको असलेल्या जागांची यादी लावली. जुनी पाण्याची टाकी, मोडक्या गाड्यांचा तळ आणि तुमचा बंबखाना. जो जास्त पैसे देईल त्याला विकायच्या, त्याने तिथे हवं ते बांधावं. सगळे म्हणत होते, मोठ्ठं दुकान होणार, खाली गाड्या लावायला जागा. मी घरी येऊन इतकी रडले की तुमचे जावई म्हणाले, बाबांनी तुझं नाव भोंगा ठेवलं ते काही उगीच नाही.

ही विक्री एका बाईंकडे होती. जागाखात्याच्या मोठ्या अधिकारी, करड्या आवाजाच्या. एका सकाळी त्या विकत घेणाऱ्यांना जागा दाखवायला घेऊन आल्या. त्यातल्या एका टायवाल्याला, वीज अजून चालू आहे का ते बघायची हुक्की आली आणि त्याने भिंतीवरचं लाल बटण दाबलं. बाबा, घंटा वाजली! इतक्या वर्षांनी, तश्शीच, कानठळ्या बसवणारी. आणि समोरच्या चहाच्या दुकानातून तुमचे तिघे दोस्त सुटले. शिडीवाले काका हातात पत्ते तसेच धरून, नळीवाल्या काकांची एक चप्पल रस्त्यातच, आणि मिशीवाले काका ढेरी सांभाळत सगळ्यांच्या पुढे! फाटकातून घुसले आणि बंब उभा असायचा तिथे ओळीत जाऊन उभे राहिले. बंब कुठाय? मग एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. शिडीवाले काका धापा टाकत त्या टायवाल्यालाच विचारतात, कुठं लागलीय? माझा अख्खा वर्ग खिडकीला लटकून टाळ्या पिटत होता, आणि खरं सांगू, बाई म्हणून मी त्यांना गप्प करायला हवं होतं, पण मीच सगळ्यात जोरात पिटत होते.

अधिकारीण बाई आधी हसून हसून बेजार झाल्या, मग तिथेच पायरीवर त्यांच्याशेजारी बसल्या. कुठे राहता, म्हणून विचारलं. मागच्या खोल्या रिकाम्या केल्यावर एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि तरी रोज सकाळी बस बदलत बंद फाटकासमोर चहा प्यायला येतात हे त्यांना तेव्हा कळलं. नंतर त्यांनी विक्रीत अटच घातली. पुढे दुकानं काढा, पण मागे घरं बांधायची, परवडतील अशी, आणि इथे नोकरी केलेल्यांचा आणि त्यांच्या मुलाबाळांचा पहिला हक्क. महापालिकेच्या सभेत उंटावरचे शहाणे होतेच, तोटा तोटा म्हणून घसा फोडत होते. पण बाई तुमच्याच जातकुळीतल्या. एकदा म्हणाल्या की म्हणाल्या! अट मंजूर झाली.

आता खरी गंमत. मी कुणाला न सांगता अर्ज केला होता. कोणाला कोणतं घर, त्या चिठ्ठ्या शिडीवाल्या काकांच्या, आगीवर जाताना घालायच्या पितळी टोपातून काढल्या. मला तिसरा मजला आला. घर मिळालं म्हणून नाचायचं सोडून मी तोंड पाडून बसले, कारण तुमचे गुडघे मला ठाऊक आहेत, आणि लिफ्टमध्ये तुम्ही मेलात तरी चढणार नाही हेही. शिडीवाल्या काकांना तळमजला आला होता. त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतली, आपली माझ्या मुठीत कोंबली, आणि वर मलाच झापलं की जन्मभर वर चढलो, आता म्हातारपणी जमिनीवर बसू होय? त्या माणसाच्या मी गळ्यातच पडले.

घर छोटंसं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. आणि दुकानं पुढच्या गवताच्या आवारात गेल्यामुळे तुमच्या बंबाची जागा नेमकी आपल्या घरात आली आहे. त्याच्याभोवती जमिनीवर ती पिवळी रेषा होती ना? मी आईचं बोट धरून डबा घेऊन यायचे आणि तुम्ही दुरूनच हात करायचात, थांबा तिथेच! घंटा झाली की माणसं जिवाच्या आकांताने पळतात, कुणी पायात येता कामा नये. रेषेच्या आत घरचं माणूस नको, हा तुमचा कायदा. आईने आयुष्यभर तिथे उभं राहून हात लांब करून डबा दिला. मला तेव्हा तुमचा भारी राग यायचा. पाडकामात जुनी फरशी खाली तशीच ठेवली होती, आणि फरशीवाला नवी बसवायला आला तेव्हा दारापासून दोन पावलांवर ती रेषा अजून दिसत होती. तेवढी पट्टी उघडी ठेव म्हणून मी हटून बसले. तो म्हणाला, बाई, वाईट दिसेल. म्हटलं, दिसू दे.

चाव्या महिनाभर माझ्या पर्समध्ये वाजताहेत. तुमचे जावई रोज विचारतात, अगं जायचं कधी? आम्ही अजून राहायला गेलो नाही बाबा, कारण आतली खोली तुमची आहे आणि तुमच्याशिवाय मला त्या घरात पाऊल टाकायचं नाही. हट्टी बापाची हट्टी मुलगी. म्हणून हे पत्र. या रविवारी काकांना बरोबर घ्या, सामान घ्या, सगळं घ्या, आणि या. घंटा वाजल्यावर तुम्ही कधी थांबला नाहीत, आता मी बोलावतेय तर थांबू नका. मी डबा घेऊन रेषेच्या आत उभी असेन. तुम्ही घटकाभर आईच्या जागेवर, बाहेर थांबा, आणि मग आत या. कायदा बदललाय बाबा. आता रेषेच्या आत फक्त घरचीच माणसं.

वाट बघणारी, तुमचीच
भोंगा