बरणीतलं दूध

१४ नोव्हेंबर १९८३, सोमवार

पंप नापास! काचेची वाटी, मागे लाल रबरी फुगा. केमिस्ट म्हणाला होता, "झकास चालतो, परदेशी आहे." अर्धा तास दाबत बसले. तळ झाकेल एवढं दूध आलं आणि अंगावर एक लाल वर्तुळ.

पुढच्या सोमवारी कॉलेज सुरू. बाळंतपणाची रजा संपते. बिनपगारी रजा मागितली होती. प्राचार्य म्हणाले, "बाई, तुम्ही अजून कायम नाही. जागा अडवून ठेवता येत नाही." म्हणजे जायचं, नाहीतर नोकरी सोडायची.

विद्याधर म्हणाला, डब्यातली पावडर आणू, किती मुलं त्यावर वाढतात. तीन वर्षांपूर्वी आमचा पहिला मुलगा बाटलीवर होता. दोन महिन्यांचा. चार दिवस जुलाब झाले आणि गेला. बाटली नीट उकळली नव्हती की पाणी वाईट होतं, कोणी सांगू शकलं नाही. बाटली मीच उकळत असे.

शुभाला सहा महिने माझं दूध. दुसरं काही नाही. तीन झाले, तीन राहिले.

१६ नोव्हेंबर

तळमजल्यावरच्या सोनूबाई शुभाला सांभाळणार. मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता. संपात गावी गेला, तिथेच राहिला. इथे मुलगा, सून शकु आणि शकुचा तान्हा मुलगा.

पंप बघून सोनूबाई हसत सुटल्या. "ह्यां काय गो बाय? टांग्याचो भोंगो?" मग सुनेला हाक मारली. "शकु, दाखव गो तिका."

शकु रोज हातानं दूध काढते. तिच्या मुलाचा वरचा ओठ दुभंगलेला आहे, टाळूलाही फट. त्याला ओढता येत नाही. म्हणून वाटीत काढायचं आणि चोचीच्या बोंडल्यानं थेंबथेंब घालायचं. दहा पौंड भरला की ऑपरेशन. त्याआधी डॉक्टर हात लावणार नाहीत. बाळा म्हणतात त्याला. शुभापेक्षा आठ दिवसांनी लहान.

इमारतीतल्या बायका म्हणतात, शकुनं ग्रहणात विळी धरली असणार. शकु त्याच्या तोंडावर पदर ठेवते. मीही नीट बघितलं नाही.

"दाबायचं नाही हो ताई," ती म्हणाली. "मागून पुढे आणायचं. घाई केली की येत नाही."

दहा मिनिटांत अर्धी वाटी. पंप माळ्यावर टाकला.

१९ नोव्हेंबर

बोंडल्याची तालीम. शुभानं तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. दूध मानेच्या वळीतून पाठीपर्यंत गेलं. अर्धा तास ओरडली. शेवटी अंगावर घेतली तेव्हा हुंदके देत प्यायली.

सोनूबाई दारात उभ्या होत्या. "तू समोर असलंस तर कशाक पितला? तुझो वास येता. तू जा गो. भूक लागली की पितला."

२१ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस. मधल्या सुट्टीत रेकॉर्ड रूम आतून लावून घेतली. जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे खुर्ची. धुळीचा वास, बाहेर मुलांचा गलका. अकरा मिनिटं. बरणी पाऊण भरली.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत फ्रिज आहे. मार्तंड तिथला सहायक. त्याला काय सांगावं ते आठवून ठेवलं होतं, पण त्यानं बरणी हातात घेतली आणि विचारलंच नाही. "मॅडम, वरच्या कप्प्यात ठेवतो. खाली बेडूक आहेत."

संध्याकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून पूल ओलांडून घरी. घरच्या फ्रिजमध्ये. आजचं दूध उद्याला. सोनूबाईंकडे किल्ली, त्या दहाला वर येऊन बरणी खाली नेणार. आज कालची नेली होती.

"प्यायली?"

"थोडा रडला चेडू. होयत सवय."

बरणीत बरंच शिल्लक होतं. मोरीत ओतताना हात अडला. कुंडीत ओतलं.

२३ नोव्हेंबर

आजही शिल्लक. शुभा मला बघून रडली नाही, नुसती बघत राहिली. वर्गात कविता शिकवत होते आणि ब्लाउज भिजला. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. पुढच्या बाकावरच्या मुली खाली बघू लागल्या.

उद्या असंच झालं तर राजीनामा.

२४ नोव्हेंबर

सोनूबाई म्हणाल्या, "आज गप ऱ्हवला. पोट भरला. ही घे बरणी." रिकामी! धुऊन पालथी घातलेली.

३ डिसेंबर

रोज रिकामी.

डॉक्टरांकडे वजन केलं. बारा पौंड चार औंस. "वरचं काय देता?" त्यांनी विचारलं. "काही नाही. माझंच." हे जरा मोठ्यानं बोलले. बाकावर दोघीतिघी डबे घेऊन बसल्या होत्या. त्यांना ऐकू जावं असं वाटलं हे खरं आहे. लाज नंतर वाटली, तीही थोडीच.

विद्याधर घरी येताना म्हणाला, "आता तरी नीट झोप." तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्या झोपेबद्दल काही म्हटलं. मी दोन वेळा उठून मुलीचा श्वास बघते, हे त्याला माहीत असावं.

८ डिसेंबर

मार्तंड धावत आला. "मॅडम, वाट लागली!"

अकरावीचं प्रॅक्टिकल होतं. दुधात पिष्टाची भेसळ ओळखणे. आणलेलं दूध नासलं म्हणून नव्या बाईंनी फ्रिज उघडला आणि समोर दिसलं ते घेतलं. चार गटांना वाटलं. आयोडीनचे थेंब टाकले.

तो घाबरून बोलत राहिला. "निकाल चांगला आला, मॅडम. भेसळ नाही. मुलांनी जर्नलमध्ये लिहून पण घेतलं."

हसू आलं. मग रेकॉर्ड रूममध्ये जाऊन रडले. संध्याकाळी घरी कसंबसं अर्धी बरणी दूध निघालं.

९ डिसेंबर

सकाळी सोनूबाईंना सांगितलं, आज अर्धीच आहे. त्यांचा चेहरा पडला. "अर्धीच? मग दुपारी काय?" शकुही दारात आली, ऐकून आत गेली.

दिवसभर शिकवण्यात लक्ष नाही. घरी आले तर शुभा हात हलवत पडलेली, गाल कोरडे, पोट टम्म. अंगावर घेतली तर चार घोट पिऊन खेळू लागली.

सोनूबाई मात्र दमलेल्या. "उद्यापासून पुरी दी हां. दुपारभर रडान घर डोक्यार घेतल्यान."

कोणी? ही तर रडलेली वाटत नव्हती. विचारणार होते. सोनूबाई पाण्याच्या बादल्या भरायला गेल्या.

२० डिसेंबर, मंगळवार

माजी प्राचार्य वारले. कॉलेज एकला सुटलं. दीडला घरी.

सोनूबाईंचं दार उघडं होतं. शकु भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर शुभा. अंगावर पीत होती. डोळे मिटून, एक हात शकुच्या मंगळसूत्रात अडकवून — माझ्याकडे पिते तशीच. समोर सोनूबाई. त्यांच्या मांडीवर बाळा. बोंडलं. शेजारी माझी बरणी.

शकुनं मला बघितलं. पदर ओढला नाही. शुभाला सोडवताही येईना.

मी मुलीला ओढून घेतलं. ती किंचाळली. जिना चढेपर्यंत किंचाळत होती. वर आल्यावर तिचं तोंड ओल्या कापडानं पुसलं. पुसत राहिले.

विद्याधरला सांगितलं. तो चपला काढता काढता थांबला. "बारा पौंड," एवढंच म्हणाला.

२१ डिसेंबर

रजा टाकली. सोनूबाई वर आल्या. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलल्या.

"तीन दिस तुझ्या चेडवान धड घोट घेतल्यान नाय. रडान रडान काळानिळा पडला. शकुन उचलून लावल्यान अंगाक — गप! मग शकुचा दूध सरला. बाळाक काय देव? तुझी बरणी होती भरलेली. आईचा दूध मोरीत ओतुक नाय, बाय."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगलंय असता तर गेली असतंस तू कामार?"

किल्ली उंबऱ्यावर ठेवून गेल्या. माफी मागितली नाही.

२२ डिसेंबर

आजही रजा. शुभा दिवसभर माझ्याजवळ. दुपारी एकला दाराकडे बघू लागली.

खालून बाळाचं रडणं. नाकातून येणारं, फुटकं. शकुला इतकं कमी का पडावं? मुलगी ओढत होती म्हणून वाढलेलं असणार. नुसत्या हातानं तेवढं येत नाही. आणि हातानं काढायला मला शकुनंच शिकवलं होतं.

बरणीबद्दल सोनूबाई एकदाही खोटं बोलल्या नाहीत. बरणी रिकामी. पोट भरलं. दोन्ही खरं. पोट कोणाचं, ते मी कधी विचारलं नाही.

मला एकच गोष्ट हवी होती — यावेळी चूक माझ्या हातून होऊ नये. म्हणून दुसऱ्या कोणाचाच हात लागू द्यायचा नव्हता. महिनाभर तिचं वजन मी माझं समजत आले. ती शकुच्या अंगावर वाढली. आणि खाली जे मूल वाढलं, त्याचं तोंड मी अजून नीट पाहिलेलं नाही.

फ्रिजमध्ये भरलेली बरणी आहे. दोन दिवसांची होईल.

चारला शुभा झोपल्यावर बरणी घेऊन खाली गेले. शकु उठून उभी राहिली. मी म्हटलं, "मला दाखव, कसं पाजायचं." तिनं बाळाला माझ्या मांडीवर दिलं. पदर काढला. ओठ दोन्हीकडून वर गेलेला, मध्ये ओलं लाल. डोळे शकुचे.

"डोकं वर धरा. गालाच्या बाजूनं सोडा, मध्ये नको. नाकातून येतं मग."

थोडं नाकातून आलंच. शिंकला. माझ्या साडीवर सगळं. सोनूबाई आतून म्हणाल्या, "भोंग्यापेक्षा बरां जमता हां तुका!"

शकु हसली. मग हळूच विचारलं, "शुभाला आणू खाली?"

२३ डिसेंबर

कॉलेजला गेले. किल्ली सोनूबाईंकडे.

७ जानेवारी १९८४, शनिवार

बाळा नऊ पौंड बारा औंस. गुरुवारी हॉस्पिटलची तारीख. दहा भरायला चार औंस हवेत. आजपासून शुभा संध्याकाळीही शकुकडे. माझं सगळं बरणीत.