आतल्या खोलीतला सिलिंडर

मी, खाली सही करणारा, धंद्याने फ्रिज दुरुस्त करणारा मिस्त्री, गिऱ्हाइकांत ‘फ्रिजवाले अण्णा’ म्हणून ओळखला जाणारा, लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तो वाचून माझ्या बायकोने ‘एवढ्या लवकर कसं कळलं त्यांना?’ असे विचारले, पण तिचे म्हणणे दाखल्यात नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. बायकोचा धाक आहे, परंतु तो लग्नापासूनचा असल्यामुळे कायदा तो धरत नाही, असे वकीलबाई सांगतात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. काही गोष्टी लिहायची लाज वाटत होती, म्हणून टाळत आलो.

कलम १. दुकान आणि त्यामागच्या राहत्या खोल्या ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. माझ्या पश्चात ती बायकोने हयातभर वापरावी व तिच्यानंतर मुलीकडे जावी. खोल्यांतील भांडी, कपाटे, पंखे आणि स्वयंपाकघरातला जुना फ्रिज हे सर्व बायकोचे. हा फ्रिज आमच्या संसाराएवढा जुना आहे. नवा आणतो म्हटले की ती म्हणते, ‘तुमच्यापेक्षा तो कमी कुरकुरतो.’

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून आधी माझे औषधपाणी व शेवटचा खर्च भागवावा. उरलेले बायकोचे. माझ्या नावाने कुठेही पाटी, बाक किंवा पाण्याची टाकी बसवू नये. लोक त्याखाली उभे राहून माझ्याविषयी चांगले बोलतील आणि मला ते चालणार नाही. का ते पुढे येईल.

कलम ३. शेजारचे शिंपी गेली कित्येक वर्षे आपले इस्त्रीचे टेबल माझ्या दारात वीतभर सरकवून ठेवतात. मी जिवंत असेपर्यंत हे भांडण चालू राहील. माझ्यानंतर ती वीतभर जागा मी त्यांना वापरायला देतो. या मृत्युपत्रावर त्यांची साक्ष आहे, म्हणून हे कलम त्यांना आज वाचून दाखवू नये. डोक्यावर बसतील.

कलम ४. हत्यारे. तांब्याची नळी कापायचे, तिचे तोंड फुलवायचे, जोड द्यायचे असे सगळे सामान, दाब दाखवणारी घड्याळे आणि हवा खेचायचा पंप हे माझ्या धाकट्या भावाला द्यावे. तो आमच्याच धंद्यात आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचे दुकान आहे. आम्ही बोलत नाही. लोक म्हणतात, धंद्यावरून फाटले. तसे नाही, आणि ते इथे लिहिणे भाग आहे.

पूर्वी फ्रिजमध्ये बारा नंबरचा गॅस असायचा. दुरुस्तीला आलेल्या फ्रिजची नळी कापायची, आतला उरलेला गॅस हवेत सोडून द्यायचा, काम करायचे आणि नवा भरायचा, ही आमची पद्धत. त्याला वास नाही, रंग नाही, विषारी नाही. नळीतली हवा बाहेर काढायला गॅस, धूळ उडवायला गॅस, दुपारी उकडले तर शर्टात गॅस. आणि माझी खास करामत म्हणजे सरबताच्या बाटलीवर नळी धरून फवारा मारायचा. डोळ्यांदेखत बाटली पांढरीफटक. पाहुणे आले की बायकोच सांगायची, ‘अहो, ते बाटलीचं करून दाखवा.’

धाकटा कुठलेसे प्रशिक्षण घेऊन आला. दुकानात गर्दी होती. तो म्हणाला, ‘दादा, हा गॅस सोडायचा नाही. खूप वर जातो. तिथं ओझोन असतो, उन्हातले जाळणारे किरण तो अडवतो. हा गॅस वर जाऊन त्याचा फडशा पाडतो. आज सोडलेला आपण मेल्यावरसुद्धा वर असणार. तो परत काढून घ्यायचं यंत्र मिळतं, आपण एक घेऊ.’

मी काय करावे? मी सिलिंडरची नळी हातात घेतली, आभाळाकडे धरली आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. म्हणालो, ‘जा रे बाबा, ओझोनला सांग, थोरल्यानं नमस्कार कळवलाय.’ गिऱ्हाइके पोट धरून हसली. शिंपीही हसले. मी व्हॉल्व्ह लवकर बंदही केला नाही, कारण हसू चालू होते. धाकट्याने कामाचा डगला काढला, खिळ्याला अडकवला आणि गेला. तो डगला मी आजवर खिळ्यावरून काढलेला नाही. तोही त्याला द्यावा, धुऊन.

कलम ५. माझी मुलगी शिक्षिका आहे. ती हे वाचील तेव्हा तिला एक गोष्ट आठवेल. ती शाळेत असताना हट्टाने आपला अख्खा वर्ग दुकानात घेऊन आली होती, बाबांची करामत बघायला. मी बाटल्या गोठवल्या. पोरांनी टाळ्या पिटल्या. पुढच्या आठवड्यात बाईंनी त्यांना ओझोनचा धडा शिकवला. मुलगी घरी येऊन काही बोलली नाही. जेवली, अभ्यासाला बसली. फक्त त्यानंतर तिने कधी कोणाला दुकानात आणले नाही, आणि शाळेतून येताना दुकानातून न येता मागच्या दाराने येऊ लागली.

भावाने सांगितले तेव्हा मी हसलो होतो. पोरीने काहीच सांगितले नाही, आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मोठेपणी मी तिच्याजवळ विषय काढला. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही एकट्यानं केलं का? सगळ्या जगानं केलं. आता बंदी आली, थर भरून येतोय म्हणतात.’ भरून येतोय हे चांगलेच आहे. पण तो माझ्यामुळे येत नाही. बंदी घालणाऱ्यांमुळे येतो, आणि धाकट्यासारख्यांमुळे. सगळ्या जगात मीही होतो, आणि मला तर घरच्या माणसाने वेळेवर सांगितले होते. घर, पैसा वाटता येतो. मी वर पाठवलेले वाटता येत नाही, कोणाला नको म्हणताही येत नाही. त्यातला वाटा मुलीला आणि तिच्या मुलांना मिळालेला आहे, त्यासाठी मृत्युपत्र लागले नाही.

कलम ६. बंदी येणार असे कळले तेव्हा मी बारा नंबरचा एक भरलेला सिलिंडर चढ्या भावाने विकायला म्हणून दडवून ठेवला होता. त्या धड्यानंतर तो मी विकला नाही, उघडला नाही. आतल्या खोलीत, कोपऱ्यात, घोंगडीत गुंडाळून ठेवला. कोणी विचारले तर रिकामा आहे म्हणून सांगत आलो. इतका गॅस सोडला, निदान हा एक तरी सुटणार नाही, एवढीच माझी कमाई आहे असे मी समजतो. पण मी गेल्यावर काय? भंगारवाला येईल, त्याला लोखंडाशी मतलब. तो व्हॉल्व्ह उघडेल, फुस्स करून सगळे सोडून देईल आणि वर म्हणेल, अण्णा रिकामा म्हणाले होते.

म्हणून हा सिलिंडर मी धाकट्या भावाला देतो. त्याने तो गॅस नष्ट करतात तिथे पोचवावा. वकीलबाई म्हणाल्या, ‘काका, असं ओझं कोणाच्या गळ्यात घालायचं तर आधी त्यांना विचारा.’ माझी हिंमत झाली नाही. बायकोने फोन केला. तो ‘येतो’ म्हणाला, एवढेच.

येथपर्यंतचा मजकूर वकीलबाईंनी टाइप केला आहे. यापुढचे मी हाताने लिहीत आहे.

कलम ७. वरील कलम ६ रद्द समजावे. कारण लिहितो.

काल दुपारी धाकटा आला. केस पांढरे झालेत त्याचे. उंबऱ्यातच म्हणाला, ‘दादा, कुठंय?’ मी आतली खोली दाखवली. त्याने घोंगडी काढली, सिलिंडर उचलला आणि तसाच थांबला. एका हाताने उचलला होता.

‘दादा, याचं वजन कधी केलं होतंस?’

‘ठेवल्यापासून नाही.’

त्याने बाहेर आणून काट्यावर ठेवला. रिकामे असतानाचे वजन सिलिंडरच्याच खांद्यावर ठोकलेले असते. काटा बरोबर तिथे येऊन थांबला. मी साबणाचा फेस करून व्हॉल्व्हला लावला. एक बुडबुडा आला नाही. बुडबुडा यायलाही आत काही नव्हते.

गावभरच्या फ्रिजच्या गळती मी शोधल्या. फेसाचा ब्रश माझ्या खिशात असायचा. विकत घेताना सिलिंडर तोलल्याशिवाय मी कधी पैसे मोजले नाहीत. आणि हा एक, घोंगडी बाजूला करून, दर आठवड्याला फडक्याने पुसत राहिलो, जागचा हलवला नाही. हलवला असता तर हाताला कळले असते. कदाचित म्हणूनच हलवला नाही.

‘व्हॉल्व्हचं पॅकिंग वाळलंय,’ धाकटा म्हणाला. ‘हळूहळू गेला असणार. वर्षं लागली असतील.’

तो आता हसेल म्हणून मी उभा होतो. हसायचा हक्क होता त्याचा. तो हसला नाही. खाली बसून व्हॉल्व्हवरचा फेस पुसत राहिला. बायको दारातून म्हणाली, ‘बैल गेला आणि झोपा केला.’ मी म्हणालो, ‘त्या दिवशी माझं चुकलं रे.’

तो वर न बघता म्हणाला, ‘मला माहीत होतं दादा, तुला कळलंय ते. वाट बघत होतो. एक फोन केला असतास, तर तेव्हाच काढून घेतला असता सगळा.’

हे मी मुद्दाम त्याच्याच शब्दांत लिहिले आहे. मला लाज वाटत होती म्हणून मी भावाला तोंड दाखवले नाही, आणि तोंड दाखवले नाही म्हणून तोही गॅस गेला. आधीचा मी मिजाशीने सोडला, हा लाजेने. ओझोनला त्यात काही फरक पडत नसणार.

कलम ८. पाणी प्यायला धाकटा स्वयंपाकघरात गेला. फ्रिजवर हात ठेवून म्हणाला, ‘हा अजून तोच? मूळ गॅसवर?’ मी हो म्हणालो. आत असून असून किती असणार, ओंजळभर. पण माझ्या हाताखालून गेलेल्या गॅसपैकी न सुटलेला तेवढाच शिल्लक आहे.

तो म्हणाला, ‘मृत्युपत्रात माझ्या नावावर कर, मी बघतो पुढं.’ मी म्हणालो, ‘मी मरेपर्यंत कशाला थांबायचं? आताच काढून घे.’

सबब कलम १ मध्ये एवढा बदल करतो की सदर फ्रिज मी बायकोला देत नाही, भावाला देत नाही, कोणालाच देत नाही. माझ्या पश्चात तो शिल्लकच राहणार नाही. येत्या रविवारी धाकटा गॅस काढून घ्यायचे आपले यंत्र घेऊन येणार आहे. बायकोची अट एवढीच की दूध आधी बाहेर काढायचे. मुलीला कळवले आहे. ती दुपारी येणार आहे, पुढच्या दाराने ये असे मी सांगितले. यंत्र भाऊ चालवील. नळी मी धरणार आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या समोर सही केली आहे. त्यांनी माझ्या व एकमेकांच्या समोर केली आहे.

ठिकाण: दुकानाची पुढची खोली. वार शुक्रवार, तारीख शिक्क्याप्रमाणे.

लिहून देणार: (सही) फ्रिजवाले

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. अण्णांचे अक्षर वाकडे, बुद्धी शाबूत.

साक्षीदार २: (सही) शिंपी, शेजारी. कलम ३ मी वाचले. त्या दिवशी मीही हसलो होतो. टेबल आत घेतो.